सात नंबरचा खल

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बत्तेकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी पानं कुटली, आणि हातातला बत्ता एवढा अंगवळणी पडला की खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

कुटणं म्हणजे घरी कुटतात तसं नव्हे. चिनी मातीचा खल घ्यायचा. त्यात द्रव नायट्रोजन ओतायचा. तो उकळतो, पांढरा धूर काठावरून खाली सांडतो आणि खल इतका गार होतो की उघडं बोट लागलं तर कातडी चिकटून राहते. मग पान टाकायचं. पान काचेसारखं कडक होतं. पहिले दहा ठोके उभे, त्यानंतर दाबून गोल फेरे. कोवळ्या पानाला दीडशे, जून पानाला तीनशे. मध्ये हात थांबवायचा नाही. थांबला की पान ओलं होतं, तपकिरी पडतं, आणि त्यातून जनुकांचा जो धागा काढायचा असतो तो तुकडे तुकडे होऊन जातो. पीठ चिमटीत धरलं तर जाणवू नये इतकं बारीक झालं पाहिजे. मग तेही गार चमच्याने उचलून नळीत. सांडलं तर गेलं.

काकांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा शेंडा या कामात कधीच बधिर झाला होता. त्यावर सुई टोचली तरी कळत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बोट जरा वर उचलून बत्ता धरायची सवय त्यांनी लावून घेतली, आणि बघणाऱ्यांना ती ऐट वाटायची.

मॅडम आल्या तेव्हा काकांची तीन वर्षं उरली होती. मॅडम तिशीच्या, बोलायला फटकळ, कामाला वाघ. त्यांनी शेंगा धरणाऱ्या झाडांची वंशावळ मांडायला घेतली. वाटाणा, मसूर, वाल, रानातले वेल, डोंगरावरची काटेरी झुडपं, अशी चारशे सोळा झाडं. कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, कोण नुसतं शेजारी राहून सारखं दिसायला लागलेलं, हे शोधायचं होतं.

पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "हे काम इथे एकदा झालंय ना? नऊ वर्षांपूर्वी एक जण येऊन गेला. त्याचीही पानं मीच कुटली."

"झालंय काका. पण त्याने हिरव्या कणांमधली जनुकं वाचली होती. ती या झाडांत बहुतेक फक्त आईकडून येतात."

"म्हणजे नुसत्या मामाला विचारून चौकशी केली."

मॅडम हसल्या. "अगदी तसंच. मी पेशीच्या केंद्रकातली वाचणार. त्यात आईपण आली आणि बापपण आला."

"मग भांडणं निघणार," काका म्हणाले आणि खल पुसायला लागले.

त्यांची वही होती. जाड पुठ्ठ्याची, रेघा स्वतः मारलेली. तारीख, नमुन्याचा नंबर, वजन, खलाचा नंबर, भट्टी, सही. खलाच्या नंबराचा रकाना त्यांना कुणी सांगितला नव्हता. बारा खल होते, प्रत्येकाच्या बुडाला त्यांनीच काच कोरायच्या सुईने आकडा कोरला होता. एका खलात एक नमुना. कुटून झालं की खल साबणाने घासायचा, आम्लात बुडवायचा, तीन पाण्यांनी धुवायचा आणि दोन तास भट्टीत भाजायचा. भाजल्याशिवाय मागच्या पानाचा अंश जात नाही. डोळ्यांना खल पांढराशुभ्र दिसतो, पण त्याच्या अंगातल्या बारीक ओरखड्यांत मागचं झाड बसून राहतं. भाजला की वहीत भट्टीच्या रकान्यात टिक करायची. टिक नसलेला खल काका हातात धरत नसत. एकदा मोठे साहेब पाहुणे घेऊन आले आणि म्हणाले, जरा कुटून दाखवा. काका म्हणाले, खल भट्टीत आहेत, दीड तासाने या. पाहुणे गेले, साहेब चिडले, पण ती गोष्ट पुढे साहेबच कौतुकाने सांगायचे.

असा माणूस, आणि त्याच्या हातून एका दिवशी खोट्या टिका झाल्या.

त्या दिवशी चोवीस नमुने होते. जनुकं वाचणाऱ्या यंत्राची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळची मिळालेली, ती चुकली तर पुढची दीड महिन्याने. सकाळी काकांनी बारा कुटले, दोनशे पाच ते दोनशे सोळा. दुपारी उरलेले बारा. मध्ये धुणं आणि भट्टी. काकांनी पाऊण वाजता खल धुऊन पालथे घातले आणि भट्टीचं दार उघडलं, तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकांची बायको आठ दिवस दवाखान्यात होती.

"बाबा, मोठे डॉक्टर चारला येणारेत. घरच्या कुणाशी तरी बोलायचंय म्हणाले. माझ्याशी नको म्हणाले, यजमानांनाच बोलवा म्हणाले."

"काय म्हणाले?"

"तेच तर सांगत नाहीयेत. तुम्ही या."

काकांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. भट्टी दोन तास, खल निवायला अर्धा तास, बारा नमुने कुटायला दोन तास. म्हणजे सव्वापाच. दवाखाना पाऊण तासाच्या अंतरावर. मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या. उठून दोन पावलं गेलं असतं आणि म्हटलं असतं की माझं असं आहे, तर त्यांनी हातातलं काम टाकून काकांना रिक्षात बसवून दिलं असतं. पण इतक्या वर्षांत "आज होणार नाही" हे वाक्य काकांच्या तोंडून निघालं नव्हतं. ते त्या दिवशीही निघेना.

त्यांनी भट्टीचं दार लावलं, पण आत काही न ठेवता. खल कोऱ्या फडक्याने कोरडे केले, गरम हवेच्या झोताखाली धरले. एकला कुटायला बसले आणि तीनला उठले. दोनशे सतरा ते दोनशे अठ्ठावीस. नळ्या बर्फात लावल्या, वही भरली. भट्टीच्या रकान्यात बारा टिका केल्या. टिक करताना हात अडखळला नाही. पुढे त्यांना जास्त लागलं ते हेच.

पावणेचारला ते दवाखान्यात पोचले. डॉक्टर सहाला आले. सव्वादोन तास काका बाकड्यावर बसून होते. डॉक्टर पाच मिनिटं बोलले आणि गेले. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी बायको गेली.

चौदा महिने कुणी त्या टिकांकडे बघितलं नाही. काकाही विसरले होते असं म्हणता येणार नाही, पण त्यांनी ती गोष्ट बायकोच्या आजारपणाच्या गाठोड्यात बांधून टाकली होती, आणि ते गाठोडं ते उघडत नसत.

एका सकाळी मॅडम दोन लांब कागद घेऊन आल्या आणि ओट्यावर पसरले. दोन्हींवर आडव्या फांद्यांची झाडं छापलेली, टोकांना बारीक अक्षरांत नंबर.

"काका, हे बघा. डावीकडचं आईकडचं, जुनं. उजवीकडचं माझं. आता दोनशे तेवीस कुठे आहे बघा."

काकांनी चष्मा वर सरकवला. डावीकडे दोनशे तेवीस काटेरी झुडपांच्या घोळक्यात होतं. उजवीकडे ते तिथून निघून पार वेलांच्या बाजूला, मध्येच लोंबकळत होतं.

"एकेका जनुकाच्या दोन दोन प्रती मिळाल्यात," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वर चढला होता. "एक प्रत झुडपांची, एक वेलांची. या झुडपाला दोन घराणी आहेत काका. आई काटेरी आणि बाप वेल. इतक्या लांबची सोयरीक कुणी दाखवलेली नाही आजपर्यंत."

चक्रीवाला, म्हणजे नळ्या गरगर फिरवायच्या यंत्रावरचा माणूस, मागून डोकावला. "पळून जाऊन लग्न केलं असणार. घरच्यांना पत्ताच नाही."

"आणि ते झाड आता जगात नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्या टेकडीवर मिळालं ती चुन्याच्या दगडासाठी खोदून काढली. आमचा माणूस शोधायला गेला तर तिथे खड्डा होता. पाणी साठलेलं."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला. साहेब म्हणजे कोरडा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी मॅडमना अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मोठ्या सभेत मांडा, पहिलं भाषण तुमचं ठेवायला सांगतो, वगैरे. मग सवयीने विचारलं, "भेसळ नाही ना? दोन प्रती म्हटल्या की आधी तीच शंका येते."

"मी काकांची वही बघितली सर. भट्टीची टिक आहे."

"मग प्रश्नच नाही," साहेब म्हणाले आणि काकांच्या खांद्यावर थोपटून गेले.

काका नायट्रोजन ओतत होते. ओतणं संपवून त्यांनी डबा खाली ठेवला. मग विचारलं, "वेलांपैकी कुठला जवळचा दिसतोय?"

"दोनशे अकरा. आपल्या बागेतला चाऱ्याचा वेल."

वही उघडायची गरज नव्हती, तरी मॅडम गेल्यावर त्यांनी उघडली. दोनशे अकरा, सकाळी, खल नंबर सात. ताजं हिरवंगार पान, बागेतून त्याच दिवशी खुडलेलं. दोनशे तेवीस, दुपारी, खल नंबर सात. जुनं वाळकं पान, वजन जेमतेम. बाकीच्या अकरा खलांतही मागचं झाड राहिलंच असणार, पण तिथे दुपारची पानं ताजी होती, त्यांचा आवाज मोठा. दोनशे तेवीसचा आवाज बारीक. त्यात शेजारणीचं बोलणं ऐकू आलं आणि मॅडमना तो बाप वाटला.

किंवा खरंच बाप असेल. हाही विचार काकांनी केला, आणि एकदा नाही, पुष्कळदा केला. खल आम्लात बुडवला होता, तीन पाण्यांनी धुतला होता. कदाचित काहीच राहिलं नसेल. कदाचित झाड खरोखरच दोन घरांचं असेल. पण हे ठरवायचं तर दुसऱ्यांदा कुटायला हवं, आणि दुसऱ्यांदा का कुटायचं हे कुणाला तरी सांगायला हवं. सांगितलं की मॅडमचा शोध गेला, आणि त्याच्यामागून एकतीस वर्षांची वही गेली.

नऊ दिवस ते मूग गिळून बसले. काम तसंच चालू होतं. खल भट्टीत गेले की ते स्टूल ओढून भट्टीसमोरच बसत आणि दोन तास उठत नसत. चक्रीवाला म्हणाला, "काका, राखण कशाला? खल पळून जाणारेत का?" काकांनी भट्टीवरची नजर काढली नाही. एरवी ते त्याला एकाच्या दोन सुनावत. चक्रीवाल्याने जाताना पुन्हा वळून बघितलं.

नवव्या संध्याकाळी लेक भाजी निवडत होती. बायको गेल्यापासून ती औषधाच्या दुकानातलं काम आटपून रोज यायची, स्वयंपाक करायची आणि आपल्या घरी जायची. काकांनी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नका सांगू."

"का?"

"चार महिने राहिलेत बाबा. कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग? तुम्ही काय मौज करायला गेला होतात? आई होती तिथे."

"डॉक्टर सहाला आले," काका म्हणाले. "मी पावणेचारपासून बाकड्यावर बसलो होतो. भट्टी होऊन खल निवलेसुद्धा असते."

"तुम्हाला काय माहीत होतं ते सहाला येणार?"

"नव्हतं माहीत."

"झालं तर मग."

"ती मॅडम भाषण करायला जाणार आहे. माझ्या टिकेवर उभी राहून."

लेकीने भाजीची देठं कागदात गुंडाळली. बराच वेळ ती तो कागद गुंडाळतच राहिली. "आईने काय सांगितलं असतं ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडम येऊन बसायच्या आत काका वही घेऊन त्यांच्या टेबलाशी उभे होते. दोन्ही ओळींवर पेन्सिलने खूण केलेली.

"दोनशे अकरा आणि दोनशे तेवीस एकाच खलात कुटलेत. मध्ये भट्टी झाली नाही."

मॅडमनी वही बघितली. "टिक आहे की."

"टिक खोटी आहे."

मॅडमना समजायला वेळ लागला नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. काका खाली बघत होते.

"का?"

"बायको दवाखान्यात होती. लवकर निघायचं होतं."

"मग मला सांगायचं ना काका. मी शेजारच्या खोलीत होते."

"हो."

"आणि हे नऊ दिवस? त्या दिवशी सर समोर उभे होते. मी म्हटलं टिक आहे. तुम्ही तिथेच होतात."

"तिथेच होतो."

"मी एरवी कुणावर विश्वास ठेवत नाही," मॅडम म्हणाल्या. "यंत्राचं सुद्धा दोनदा तपासते. वही मी तपासली ती टिक आहे का एवढंच बघायला. टिक खरी आहे का हे मी तपासलंच नाही." त्या उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही जा आता. मी सरांशी बोलते."

साहेबांच्या खोलीत काकांना बसा म्हटलं गेलं नाही. साहेबांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"एकतीस वर्षांत अशा किती टिका आहेत?"

"एका दिवसाच्या. बारा."

"हे मी कशावरून मानू?"

काकांकडे दाखवायला होती ती फक्त तीच वही.

दोनशे तेवीस पुन्हा कुटायचं ठरलं. पण पान कुठून आणायचं? पहिलं सगळं संपलं होतं, टेकडी गेली होती. उरला होता वाळवून कागदावर चिकटवलेला एकच नमुना, वाळक्या झाडांच्या दालनात. तिथल्या बाईंना सगळे कपाटवाल्या बाई म्हणत, किल्ल्यांचा जुडगा त्या झोपतानाही सोडत नसाव्यात असं बोललं जाई. त्यांनी कागद बाहेर काढला, पण कात्री दाखवताच हात आडवा धरला.

"सात पानं आहेत. सातच. दहाच्या खाली असली की एकही कापू द्यायचं नाही असा नियम आहे. आणि झाड शिल्लक नाही म्हणताय, मग तर मुळीच नाही."

मॅडमनी पुष्कळ विनवलं. बाई हलल्या नाहीत. शेवटी त्यांनीच कागदाच्या कोपऱ्यातलं चिकटवलेलं छोटं पाकीट उघडलं. चिकटवताना गळून पडलेले तुकडे अशा पाकिटात ठेवतात. दोन पर्णिका निघाल्या आणि थोडा चुरा. वजन भरलं आठ मिलिग्रॅम.

"हे घ्या. हे सांडलंत तर मग माझ्याकडे येऊ नका."

साहेबांनी सांगितलं, बत्तेकाकांनी हात लावायचा नाही. चक्रीवाल्याने आधी दुसऱ्या एका टाकाऊ पानावर करून बघितलं. तेही आठच मिलिग्रॅम घेतलं. त्याचा अर्धा चुरा बत्त्याला आणि खलाच्या भिंतीला बसला, उरलेला उचलेपर्यंत तपकिरी पडला. त्याने बत्ता खाली ठेवला. "माझ्याच्याने होणार नाही. हे काय येरागबाळ्याचं काम आहे?"

मॅडम साहेबांकडे गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "काका कुटतील. मी शेजारी उभी राहीन. वही मी भरेन."

नवा खल आणला, खोक्यातून बाहेरही न काढलेला. तो काकांनी घासला, आम्लात घातला, तीन पाण्यांनी धुतला. प्रत्येक पाणी मॅडम मोजत होत्या. भट्टीचं दार त्यांनी स्वतः लावलं आणि घड्याळ लावलं. मग दोघं दोन स्टुलांवर भट्टीसमोर बसले. दोन तास. मॅडमनी एकदा फोन बघितला आणि ठेवून दिला. काकांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते.

एकदाच मॅडम बोलल्या. "काय झालं होतं त्यांना?"

"यकृत. उशिरा कळलं."

घड्याळ वाजलं तेव्हा मॅडमनीच भट्टीचं दार उघडलं.

काकांनी खल गार केला, पाकीट उलटं केलं. बत्ता धरला, बोट नेहमीसारखं वर उचललेलं. उभे ठोके त्यांनी दहाऐवजी चारच दिले, तेही अलगद, तुकडा उडू नये म्हणून. मग फेरे. शंभराला नायट्रोजन पुन्हा, दोनशेला पुन्हा. तीनशे झाल्यावर थांबतील असं मॅडमना वाटलं, पण पान पस्तीस वर्षांचं वाळकं होतं, काकांनी चारशे केले. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला तो त्यांनी पुसला नाही. खलात जे राहिलं ते पांढुरक्या धुळीसारखं होतं, आणि ती धूळ सगळी नळीत गेली. खल तिरका करून त्यांनी मॅडमना दाखवला. आत काही नव्हतं.

मॅडमनी भट्टीच्या रकान्यात टिक केली आणि खाली स्वतःची सही केली. काकांनी हात पेनाकडे नेला होता तो मागे घेतला.

निकाल चौथ्या आठवड्यात आला. मॅडम कागद न घेताच आल्या.

"एकच प्रत. सगळ्या जनुकांची. काटेरी झुडपांतलं साधं झुडूप आहे, जुन्या झाडात होतं तिथेच."

"म्हणजे वेल..."

"वेल तुमच्या खलात होता काका."

हे बोलताना त्यांनी आवाज वाढवला नाही, नजरही चुकवली नाही. मग त्या आत गेल्या आणि भाषण रद्द करायचं पत्र लिहायला बसल्या. दोन वर्षांचं काम होतं. त्याच्या जोरावर एका मोठ्या संस्थेतून बोलावणं येऊ घातलं होतं, ते पुढे आलं नाही.

दुपारच्या पाळीतले बाराही नमुने बाद झाले. नऊंचं पान शिल्लक होतं, ते पुन्हा कुटले गेले, दोनशे तेवीस धरून. तिघांचं शिल्लक नव्हतं. ती तीन झाडं वंशावळीतून पुसली गेली, आणि चारशे सोळाची चारशे तेरा झाली.

साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. काकांच्या वहीतून डोळे मिटून चाळीस नमुने काढले आणि बाहेरच्या माणसाकडून पुन्हा करून घेतले. चाळीसही बरोबर निघाले. हे काकांना कुणी सांगायला आलं नाही. चक्रीवाल्याने नळाशी उभं असताना सांगितलं. "चाळीसच्या चाळीस, काका." काकांनी मान हलवली. नवीन वही छापून आली होती, तीत सहीचे दोन रकाने होते, आणि काकांचं नाव दोन्हींत येणार नव्हतं. उरलेले तीन महिने त्यांना बाटल्या धुवायला दिल्या. त्यांनी त्या धुतल्या. प्रत्येक बाटली तीन पाण्यांनी धुऊन पालथी घालायची, मग उजेडात धरून बघायची. चक्रीवाला म्हणाला, एवढ्या स्वच्छ बाटल्या इथे कधी बघितल्या नव्हत्या. काकांना ते आवडलं नाही.

शेवटच्या दिवशी निरोपाचं काही झालं नाही. काकांनीच नको म्हटलं होतं. जाताना ते खलांच्या फळीशी थांबले. सात नंबरचा तिथे नव्हता. कुणी फेकून दिला होता की फुटला होता ते त्यांनी विचारलं नाही.

मॅडमचा लेख दीड वर्षाने छापून आला. चक्रीवाल्याने त्याची प्रत लेकीच्या दुकानात आणून दिली. लेकीने ती घरी आणली. काकांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता, अक्षर जवळ धरूनही लागत नव्हतं.

"वाच," काका म्हणाले.

"एवढं सगळं? वीस पानं आहेत."

"काम कसं केलं ते जिथे लिहितात तेवढंच."

लेकीने ते पान शोधलं. पानं कशी वाळवली, किती वजन घेतलं, कुठल्या तापमानाला तापवलं. ती अडखळत, शब्द जुळवत, मध्ये थांबून अर्थ सांगत वाचत होती. मग म्हणाली, "इथे आहे." आणि वाचलं, "एका दिवसाच्या दुसऱ्या पाळीतले बारा नमुने, खल नीट निर्जंतुक न केल्यामुळे, बाद करण्यात आले. त्यांपैकी नऊ पुन्हा तयार करण्यात आले."

"नंतर?"

"नंतर यंत्राचं आहे."

"चाळीस परत केले त्याचं?"

लेकीने खाली-वर बघितलं, पान उलटून बघितलं. "ते नाही लिहिलेलं."

"आभार असतात शेवटी."

तिने शेवट काढला. आठ-दहा नावं होती. तिने ती मनातल्या मनात वाचली आणि मान हलवली. काकांना तिची मान दिसली नसावी, म्हणून तिने तोंडाने सांगितलं, "नाही, बाबा."

"असू दे. ते वाक्य परत वाच."

तिने परत वाचलं.

"बारा लिहिलंय ना? आणि नऊ?"

"बारा आणि नऊ."

काकांनी हात पुढे करून कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि बधिर बोट ती ओळ असावी असं वाटलं तिथे टेकवलं. ओळ आणखी खाली होती. लेकीने बोट सरकवलं नाही.

"दोनशे एकोणीस," काका म्हणाले. "दोनशे वीस. दोनशे सव्वीस."

"हे काय?"

"तीन झाडं राहिली ती."